वैनगंगेचे पाणी आणि ग्राफीनची वाळू



भंडारा हा भाताचा आणि तलावांचा जिल्हा. वैनगंगा ही त्याची जीवनवाहिनी. परंतु या नदीत येणारी सर्वच घाण या जिल्ह्याची नव्हे. नागपूर शहराचे सांडपाणी घेऊन नाग नदी कन्हानला मिळते आणि कन्हान आंभोरा परिसरात वैनगंगेत येते. पुढे पवनीजवळ गोसीखुर्द धरण आहे. त्याचे भूमिपूजन १९८८ साली तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाले. धरणामुळे शेतीला पाण्याची शाश्वती लाभली. मात्र पूर्वी प्रवाहाबरोबर वाहून जाणारी घाण आता जलाशयात साचते. पाण्यावर पसरणारी जलपर्णी ही त्याचीच खूण होय.

अशा काळात ग्राफीन या नव्या पदार्थाविषयी कुतूहल वाटणे स्वाभाविक आहे. पेन्सिलीतील शिसे म्हणजे ग्राफाइट, अर्थात कार्बनच्या थरांची चवड. त्यातील एकच, अवघ्या एका अणूच्या जाडीचा थर म्हणजे ग्राफीन. मँचेस्टर येथे आंद्रे गाइम आणि कॉन्स्टान्टिन नोव्होसेलोव्ह यांनी २००४ साली तो वेगळा केला. २०१० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. एक ग्रॅम ग्राफीनचा पृष्ठभाग, गणिताने, सुमारे २,६०० चौरस मीटर, म्हणजे अर्ध्या एकराहून अधिक भरतो. या विस्तीर्ण पृष्ठभागावर रंग, कीटकनाशके आणि काही जड धातू चिकटून राहू शकतात.

मात्र ही बारीक भुकटी पाण्यात मिसळली, तर ती परत काढणे कठीण. त्यावर मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्रा. टी. प्रदीप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली एक सोपा मार्ग प्रसिद्ध केला. साखरेच्या पाण्यात नदीची वाळू भिजवून सुकवायची आणि नायट्रोजन वायूत सुमारे ७५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायची. साखरेचा कार्बन ग्राफीनच्या रूपाने वाळूच्या कणांवर घट्ट बसतो. या वाळूतून पाणी पाझरू दिले असता रंग आणि क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक शोषले जाते, असे प्रयोगात आढळले. धानाच्या प्रदेशाला या शोधाचे महत्त्व सहज पटेल.

तथापि या वाळूची मर्यादाही ध्यानी घेतली पाहिजे. शहराच्या मैलापाण्यातील गाळ तिच्यावर थेट सोडला, तर ती लवकरच तुंबेल. शोषून भरलेली वाळू उघड्यावर टाकली, तर तेच विष पुन्हा जमिनीत उतरेल. शिवाय ती क्लोरीनची जागा घेऊ शकत नाही. तात्पर्य, ग्राफीन ही शुद्धीकरणाची शेवटची पायरी ठरू शकेल, पहिली नव्हे. पहिली पायरी म्हणजे सांडपाणी नदीत मिसळण्यापूर्वीच शुद्ध करणे. आणि ते कर्तव्य नदीच्या वरच्या अंगास राहणाऱ्यांचे आहे.

गावाच्या हाती आहे तेही थोडके नाही. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना पाणी तपासणीचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. ग्रामपंचायतीने तपासणीचे निष्कर्ष फलकावर लिहावेत, जलसुरक्षकाने टीसीएल पावडर नियमित आणि योग्य मात्रेत टाकावी, शिक्षकांनी विद्यार्थ्यांना ते निष्कर्ष वाचावयास शिकवावे. जे गाव आपले पाणी ओळखते, तेच उद्या नव्या शोधाचा योग्य उपयोग करू शकेल आणि वरच्या शहराला पुराव्यानिशी जाबही विचारू शकेल.