लेबलावरचा लाल त्रिकोण

घरात कीटकनाशकाची बाटली असेल, तर तिचं लेबल आठवा. टोकावर उभा केलेला चौकोन आणि त्याचे दोन त्रिकोण. खालच्या त्रिकोणात रंग: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा.

हा रंग ठरतो उंदरांवरून. निम्मे उंदीर दगावायला दर किलो वजनामागे किती मिलिग्रॅम विष पोटात जावं लागतं, हे मोजतात. ५० किंवा त्याहून कमी पुरत असेल, तर लाल. प्रत्येक देशानं तेच उंदीर पुन्हा का मारायचे? म्हणून १९८१ साली ओईसीडी संघटनेच्या देशांनी ठरवलं, की नियम पाळून एका देशात झालेली चाचणी बाकीच्यांनी मान्य करायची. २०११ साली भारतही त्यात पुरता सामील झाला. शहाणपणाची सोय आहे.

पण उंदराच्या पाठीवर पंप नसतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन विसाहून अधिक शेतकरी, शेतमजूर गेले. पऱ्हाटी डोक्याच्या वर वाढलेली, फवारा वर धरायचा आणि तुषार तोंडावर घ्यायचे. त्या उकाड्यात रबरी हातमोजे घाला म्हणणाऱ्यानं आधी स्वतः तासभर घालून बघावेत. विष किती जहाल, हे प्रयोगशाळा सांगते. ते अंगावर किती उतरलं, हे शेतच सांगणार.

१९९८ च्या रॉटरडॅम कराराला हे ठाऊक आहे. विकसनशील देशाला आपल्या शेतांत घडलेल्या विषबाधांच्या नोंदी पाठवून एखादं कीटकनाशक किंवा तणनाशक यादीत घाला, असं सुचवता येतं. यादीत आलेला माल घ्यायचा की नाही, हे आयात करणारा देश आधी कळवतो. बुर्किना फासोनं पॅराक्वाट या तणनाशकाच्या एका जहाल मिश्रणाबद्दल असं सुचवलं. तज्ज्ञ समितीला ते पटलं. पण यादीत भर पडते ती एकमतानं, आणि २०१३ च्या बैठकीत मोजक्या देशांनी ती अडवली. त्यांत आपणही होतो. मला हे खटकतं.

आणि नोंद तरी सोपी कुठे? कराराचा छापील अर्ज विचारतो: मालाचं नाव काय, फवारलं कशानं, अंगात काय घातलं होतं, त्रास काय झाला. आपल्याकडे कीटकनाशकाला ‘औषध’च म्हणतात. दवाखान्यात नातेवाईक सांगतात, ‘औषध मारत होते.’ कोणतं औषध, विचारावं, तर बाटली बांधावरच राहिलेली असते.