खुराड्याचे दार कोण लावणार?



या व्यासपीठावरून आपण तत्त्वज्ञान ऐकता, राजकारण ऐकता, अर्थशास्त्र ऐकता. आज आम्ही आपल्यापुढे खुराड्याचे दार घेऊन उभे आहोत. दारावर बोलण्यासारखे असे आहे तरी काय, अशी शंका पुष्कळांच्या मनात आली असेल. पण ज्या दारापाशी रोज संध्याकाळी पाचसहा जिवांच्या जगण्यामरण्याचा निकाल लागतो, ते दार क्षुद्र मानायला आम्ही तयार नाही.

कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही, ही म्हण आपण सर्वच वापरतो. बहुधा दुसऱ्याला शहाणपण शिकवताना. त्यातले उजाडणे आपल्या ध्यानात राहिले, झाकणे मात्र आपण विसरलो. गावाकडे डालगे पालथे घालून वर दगड ठेवायचा, किंवा खुराड्याची फळी लावून अडणा सरकवायचा, याचे नाव कोंबड्या झाकणे. दिवेलागणीला घरातले वडील माणूस विचारी, ‘‘कोंबड्या झाकल्या का गं?’’ दिवा लावला का, गुरांना पाणी दाखवले का, यांच्याच पंक्तीतला तो प्रश्न होता. गमतीची गोष्ट अशी की, झाकलेल्या कोंबड्याचे आरवणेही राहत नाही. जपानात नागोया येथील संशोधकांनी कोंबडे दिवसरात्र सारख्याच मंद उजेडात ठेवून पाहिले, आणि तरीही ते पहाटेच्या सुमाराला आरवत राहिले, असे 2013 साली प्रसिद्ध केले. घड्याळ त्याच्या अंगातच आहे. म्हणीला शास्त्राने जोड दिली ती अशी.

आता परिस्थिती काय झाली आहे ते पाहा. कोंबड्या गावातल्या परसातून गेल्या नाहीत, उलट शहराच्या कडेने वाढलेल्या वसाहतींतही त्या पुन्हा दिसू लागल्या आहेत. कोणी निवृत्तीनंतरचा विरंगुळा म्हणून, कोणी मुलांना घरचे अंडे मिळावे म्हणून चारसहा कोंबड्या पाळतो. अंड्यासाठी कोंबडा लागतच नाही, हे एकदा कळले की शेजाऱ्यांशी पहाटेचे भांडणही टळते. चारसहा कोंबड्यांना लागते किती? स्वयंपाकघरातली निवडलेली पाने, तांदळाची कणी, थोडा मका, कवच घट्ट व्हावे म्हणून शिंपल्यांचा चुरा, आणि उकरायला हातभर माती. जागेचे आणि स्वच्छतेचे स्थानिक नियम अगोदर विचारून घेतले म्हणजे झाले. अडचण येते ती संध्याकाळी. दिवेलागणीला घरात कोणी नसते. नवरा आणि बायको दोघेही नोकरीवर, मुले शिकवणीला, गाडी रस्त्यावरच्या गर्दीत अडकलेली. झाकणारे हात घरी नाहीत, आणि अंधार कोणासाठी थांबत नाही.

अंधारात येते कोण, याविषयी आपल्या समजुती जरा तपासून घेतल्या पाहिजेत. रात्री कोंबडी मेली की दोष मुंगसाला देण्याची आपली रीत आहे. पण आपल्याकडचे मुंगूस दिवसा हिंडणारे. रात्री ते स्वतःच बिळात झोपलेले असते. त्याचा धोका आहे तो दिवसाचा, आणि विशेषतः पिलांना व अंड्यांना. रात्रीचे पाहुणे निराळे. रानमांजर, उदमांजर, भटकी कुत्री, घूस, आणि पिलांच्या व अंड्यांच्या वासाने येणारा साप. कोंबडी दिवसा चपळ असते, पण काळोखात तिला फारसे दिसत नाही. झोपलेल्या कोंबडीला हातात उचलले तरी ती प्रतिकार करत नाही. उघड्या दाराची एक रात्र पुरते. वर्षभर राखलेले सगळे खुराडे एका रात्रीत रिकामे होऊ शकते.

म्हणूनच घरच्या घरी आपोआप लागणारे दार बनवण्याचा नाद अनेकांना लागला आहे. यातली अर्धी कामगिरी कोंबडीच करते, ही निसर्गाची कृपा. आपली कोंबडी ही आग्नेय आशियातल्या रानकोंबडीची वंशज. थायलंडमधील बान नोन वाट येथे सापडलेल्या हाडांवरून 2022 साली अभ्यासकांनी असे मांडले की, माणसाची आणि तिची ही सोबत सुमारे साडेतीन हजार वर्षांची असावी. रानकोंबडी रात्री झाडावर चढून झोपते. पाळीव कोंबडीतही ती ओढ शिल्लक आहे. उजेड उतरू लागला की ती आपल्या पायांनी खुराड्यात येते आणि आडव्या काठीवर बसते. तिला हाकून आणावे लागत नाही. फक्त ती आत आल्यावर दार लागले पाहिजे.

पण ते लागावे केव्हा? पहिला विचार घड्याळाचा येतो. सात वाजता दार लावायचे ठरवले. आता पुण्याचाच सूर्य घ्या. नोव्हेंबरच्या अखेरीस तो सहाच्या सुमाराला मावळतो, जुलैच्या आरंभी सव्वासातच्या सुमाराला. म्हणजे जुलैत सातचे दार कोंबड्यांना बाहेरच ठेवून लागणार, आणि नोव्हेंबरात तासभर उघडे राहून रानमांजराला आमंत्रण देणार. घड्याळ ऋतू ओळखत नाही.

मग दुसरा विचार उजेडाचा. उजेड पडला की ज्याचा विद्युत्‌रोध कमी होतो असा एक इवलासा घटक इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानात मिळतो. एलडीआर म्हटले की दुकानदार देतो. त्याच्या सांगण्यावरून मोटर फिरवायची. ही युक्ती अधिक नैसर्गिक, कारण कोंबडीही उजेडच पाहते. परंतु आषाढात चार वाजता आभाळ भरून आले की हा घटक रात्र झाली असे समजतो, आणि रात्री वीज चमकली किंवा फाटकाशी मोटारीचे दिवे पडले की पहाट झाली असे मानतो. म्हणून जाणते लोक दोन्हींचा मेळ घालतात. काळोख सलग दहापंधरा मिनिटे टिकला तरच दार हलावे, आणि साडेपाचच्या आत तर मुळीच हलू नये. आता तर लहानशा चकतीएवढ्या यंत्राला गावाचे अक्षांश-रेखांश दिले की ते रोजचा सूर्यास्त स्वतः मांडते. त्यानंतर सुमारे अर्ध्या तासाने दार लावावे. सकाळी मात्र घाई नको. बहुतेक कोंबड्या सकाळच्या प्रहरी अंडी घालतात; दार थोडे उशिरा उघडले तर अंडी खुराड्यात मिळतात, झुडपाखाली शोधावी लागत नाहीत.

दाराची घडण साधी आहे. सुमारे 12 इंच रुंद आणि 14 इंच उंच असा अॅल्युमिनियमचा पत्रा, दोन बाजूंना त्याला वरखाली सरकायला खाचा, वर दोरी, आणि दोरी गुंडाळणारी 12 व्होल्टची संथ मोटर. वर आणि खाली लिमिट स्विच म्हणतात त्या दोन बारीक कळा. दार तिथे टेकले की मोटर थांबते. वीज जाण्याचा भरवसा आपल्याकडे नेहमीचाच, म्हणून बॅटरी हवी, आणि जमल्यास ती भरणारा लहान सौर पत्रा.

आता चार गोष्टी सांगतो, त्या पुष्कळांना नुकसान सोसून कळल्या आहेत. पहिली, दार आपल्या वजनाने उतरावे, मोटरने ते रेटू नये. दाराखाली एखादी कोंबडी आली तर हलका पत्रा तिच्या पाठीवर टेकून राहतो आणि ती निसटते. रेटणारे दार तिला चिरडते. दुसरी गोष्ट यातूनच निघते. दार मध्येच अडले तर खालची कळ दाबली जात नाही, मोटर फिरतच राहते, दोरी सगळी सुटते आणि मग उलट्या बाजूने गुंडाळली जाऊन दार पुन्हा वर चढते! म्हणून ठरलेल्या सेकंदांनंतर मोटर थांबलीच पाहिजे, कळ दाबो वा न दाबो. तिसरी, खालच्या खाचेत भुसा आणि विष्ठा भरून दार अर्धवट राहते. म्हणून खाली खाच ठेवूच नये, दार उंबऱ्याच्या आतल्या अंगाला उतरू द्यावे. त्यामुळे बाहेरून पंजा घालून ते उचलणेही जनावराला अवघड जाते. चौथी, यंत्राची पेटी घट्ट बंद असावी. पावसाळी दमट हवा, मुंग्या आणि पाली यांना अशा पेटीत बिऱ्हाड करायला फार आवडते.

इतके सारे साधले म्हणजे दिवेलागणीचे काम संपले का? आमच्या बोलण्याचा मुद्दा इथेच आहे.

नॉर्वेतील शेल्डरुप-एबे या अभ्यासकाने शंभर वर्षांपूर्वी, 1921–22 च्या सुमारास, कोंबड्यांतील टोचण्याची उतरंड जगापुढे मांडली. कोणी कोणाला टोचायचे आणि कोणी निमूट सोसायचे, हे प्रत्येक कळपात ठरलेले असते. अशा कळपात एक कोंबडी सर्वांच्या तळाशी असते. संध्याकाळी खुराड्यापाशी उभे राहून पाहा. धिप्पाड, तुरेबाज कोंबड्या पुढे होऊन चांगली काठी धरतात. तळाची ती एक दाराशी घुटमळते, आत पाऊल घालते, चोच बसली की पुन्हा बाहेर येते. आमच्या पाहण्यात तरी सर्वांत शेवटी आत जाणारी पुष्कळदा हीच असते. आता विचार करा. दार वेळेवर लागले. सूर्यास्ताचा हिशेब बिनचूक, मोटर बिनचूक, आत पाच कोंबड्या सुखरूप. आणि जिला आत जागा मिळायला वेळ लागला, ती सहावी, सर्वांत दुबळी, बाहेर राहिली. यंत्राच्या दृष्टीने काम चोख झाले, कारण दार लागले की नाही एवढेच त्याला कळते. आत किती आल्या हे ते विचारत नाही.

जुन्या काळी फळी लावणारी बाई फळी लावण्यापूर्वी मोजत असे. मोजताना तिला आणखीही दिसे. कोणाची मान पडली आहे, कोणाच्या गळ्याखालची चाऱ्याची पिशवी रिकामी आहे, कोण पंख सैल सोडून कोपऱ्यात बसली आहे. राणीखेत म्हणजेच मानमोडीसारखा रोग लस टोचून टाळता येतो, पण तो आला तर पहिली बातमी संध्याकाळच्या या नजरेलाच लागते. 2006 च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूची साथ आढळली आणि तिथे असंख्य कोंबड्या माराव्या लागल्या, हे आपल्याला आठवत असेल. आजारी पक्षी लवकर ओळखणे आणि पशुवैद्यांना लगेच कळवणे, ही गोष्ट एका घराच्या अंड्यांपुरती राहत नाही; ती साऱ्या वस्तीची होते. जिथे आपोआप दार आले आणि माणसाने खुराड्याकडे जाणेच सोडले, तिथे कुत्र्यामांजरापासून कोंबड्या वाचतील, आणि दुखण्याने मरतील.

म्हणून हे दार बनवू नका, असे मात्र आम्ही म्हणत नाही. जरूर बनवा. घरातल्या मुलांना हाताशी घेऊन बनवा. सूर्यास्त रोज पुढेमागे का होतो, हे भूगोलाच्या पुस्तकापेक्षा त्यांना इथे चांगले कळेल. कामावरून यायला उशीर झालेल्या गृहिणीच्या जिवाची घालमेल हे दार थांबवते, आणि एवढ्यासाठीही ते मोलाचे आहे. फक्त त्याचा अधिकार ओळखून असा. घरी आल्यावर, जेवायला बसण्यापूर्वी, हातात विजेरी घेऊन एकदा खुराड्याकडे जा. खुराड्याच्या जाळीतून आत उजेड टाका आणि मोजा. एक कमी भरली तर झुडपात, ओट्याखाली, लाकडांच्या ढिगात शोधा. काळोखात ती हलणार नाही. जिथे बसली असेल तिथे सापडेल. तिला उचलून आत ठेवा, आणि रोज तीच मागे राहत असेल तर खुराड्यात आणखी एक काठी आडवी बांधा, म्हणजे तिलाही जागा होईल.

श्रोतेहो, हात मोकळे करणे हे यंत्राचे काम, आणि ते त्याने करावे. मोकळे झालेले हात कोठे लावायचे, हे मात्र आपणच ठरवायचे असते. खुराड्याचे दार कोण लावणार, असा प्रश्न घेऊन आम्ही आलो होतो. दार खुशाल मोटरने लावावे. शेवटची कोंबडी आत आली की नाही, हे मात्र घरातल्या कोणीतरी पाहावे.