अनेक आजारांचा एक रोगी

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात किंवा रावपुऱ्यात राहणाऱ्या एखाद्या बहात्तर वर्षांच्या आजींची कल्पना करावी. या आजी म्हणजे कोणी विशिष्ट व्यक्ती नव्हेत. परंतु श्रोत्यांपैकी पुष्कळांना त्या आपल्याच घरातील वाटतील. वीस वर्षांचा मधुमेह, पंधरा वर्षांचा रक्तदाब, दोन्ही गुडघ्यांत संधिवात, आणि अलीकडच्या तपासणीत मूत्रपिंडाचे काम मंदावल्याची नोंद. मधुमेहासाठी एक डॉक्टर, हृदय व रक्तदाबासाठी दुसरे, गुडघ्यांसाठी तिसरे. शिवाय अडीअडचणीला कोपऱ्यावरचा औषधविक्रेता आहेच. घरातील खुंटीला एक कापडी पिशवी टांगलेली असते. दवाखान्यात निघताना ती बरोबर घ्यायची आणि परत आल्यावर पुन्हा टांगायची, हा आजींचा नेम. त्या पिशवीत काय काय आहे, हे मात्र कोणीच कधी पाहिलेले नसते.

ती पिशवी एकदा चटईवर उपडी करावी. ॲमलोडिपिन हे रक्तदाबाचे औषध दोन निरनिराळ्या नावांच्या दोन पाकिटांत निघते. दोन डॉक्टरांनी दिलेले, आणि आजी दोन्ही इमानाने घेत असतात. टेल्मिसार्टन आहे, लघवी होण्याची गोळी आहे, आणि गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅक आहे. ही तीन औषधे एकत्र आली म्हणजे आधीच थकलेल्या मूत्रपिंडावर मोठा ताण पडतो. शिवाय वेदनाशामक गोळीने रक्तदाब चढतो आणि तो चढला म्हणून दाबाची मात्रा वाढवली जाते. यात कोणा एका डॉक्टरची चूक दाखविता यावयाची नाही. प्रत्येकाची चिठ्ठी त्याच्या जागी बरोबर असते, बेरीज तेवढी चुकलेली असते. आणि बेरीज करणे हे कोणाचेच काम ठरलेले नसते.

अशा आजी देशात थोड्या नाहीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहींचा अंदाज १० कोटींच्या वर आणि रक्तदाबाच्या रोग्यांचा ३१ कोटींच्या वर निघाला. वृद्धांविषयीच्या २०१७-१८ च्या राष्ट्रीय पाहणीत साठी ओलांडलेल्या सुमारे चौथ्या हिश्शाच्या माणसांना एकाहून अधिक दीर्घकालीन आजार असल्याचे आढळले. आपली रुग्णालये मात्र अवयवांप्रमाणे वाटलेली आहेत. हृदयाचा विभाग एका मजल्यावर, मूत्रपिंडाचा दुसऱ्या, माणूस जिन्यात.

बडोद्याच्या इतिहासात याचे एक उलट उदाहरण सापडते. महाराज सयाजीराव यांना निद्रानाशाने आणि संधिवाताच्या विकाराने वर्षानुवर्षे छळले; १८८७ मध्ये ते प्रथम युरोपला गेले तेही प्रकृतीच्या कारणाने. परंतु त्यांच्या दिमतीला स्वतःचे वैद्य असत. झोप, आहार, औषध, प्रवास, मनःस्थिती हे सारे एका जाणत्या माणसाच्या नजरेखाली असे. सामान्य माणसाच्या वाट्याला हे सुख घरच्या डॉक्टरच्या रूपाने काही काळ आले. तीन पिढ्यांची नाडी पाहिलेला तो डॉक्टर शहरांतून आता दुर्मिळ झाला आहे आणि त्याची रिकामी खुर्ची विशेषज्ञांनी भरून निघत नाही.

ती खुर्ची परिचारिकेला द्यावी, हा विचार अमेरिकेत साठ वर्षांपूर्वी कृतीत आला. १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या परिचारिकेने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाने अनुभवी परिचारिकांना रोगी तपासण्याचे व नेहमीच्या दुखण्यांत निर्णय घेण्याचे जादा शिक्षण देण्यास प्रारंभ केला. प्रथम हे काम मुलांपुरते होते. पुढे ते वृद्धांपर्यंत आणि जुनाट रोग्यांपर्यंत पोहोचले. अशा परिचारिकेला ‘नर्स प्रॅक्टिशनर’ म्हणतात. डॉक्टरांनी त्या वेळी नाके मुरडली, आणि परिचारिकांच्या काही शिक्षकांनीही मुरडली, हे विशेष. फोर्डबाई २०२५ च्या जानेवारीत वयाच्या १०४ व्या वर्षी निवर्तल्या. त्यांनी लावलेले रोप त्यांना डोळ्यांदेखत वाढलेले पाहता आले. न्यूयॉर्कमध्ये १,३१६ रुग्णांची जणू चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटणी करून, एक गट डॉक्टरांकडे व दुसरा अशा परिचारिकांकडे सोपविण्यात आला होता. त्याचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनी दोन्ही गटांच्या प्रकृतीत सांगण्यासारखा फरक निघाला नाही. रक्तदाबाच्या रोग्यांत खालचा आकडा परिचारिकांच्या बाजूला किंचित कमीच होता.

या शिक्षणाचा उपयोग आजींच्या बाबतीत कसा होईल, ते पाहू. पिशवी उपडी करणे हा केवळ आरंभ. तयारीची परिचारिका रक्तदाब पाच मिनिटे स्वस्थ बसवून घेते आणि मग उभे करून पुन्हा घेते. उभे राहताच वरचा आकडा वीसने घसरला, तर पहाटे न्हाणीघराकडे जाताना आजींना भोवळ का येते याचा उलगडा होतो. ती चपला काढावयास लावते. नायलॉनचा एक बारीक तंतू, जो दहा ग्रॅम भार पडताच वाकतो, तो तळपायाला टेकवून ती विचारते, ‘आजी, लागलं का?’ आजी म्हणतात, ‘कुठे काय?’ या दोन शब्दांत पुढे होऊ शकणारी जखम, तिचे चिघळणे, आणि कदाचित बोट गमावणे, एवढी सारी सूचना असते. पण चपला काढावयास लावण्यासाठी वेळ लागतो, आणि गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात वेळ हेच सर्वांत दुर्मिळ औषध.

मग उपासांचा प्रश्न. आजी एकादशी मोडत नाहीत, आणि वडोदऱ्यात राहिल्यामुळे नवरात्रही शेजारणींबरोबर जोरात होते. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण मधुमेहाच्या दृष्टीने अर्धीच खरी. सकाळी ग्लिमेपिराइडची गोळी घेऊन दुपारपर्यंत पोटात काहीच नाही, आणि मग साबुदाण्याची खिचडी. म्हणजे आधी साखर घसरते, नंतर उसळते. घसरलेली साखर वृद्धांत मोठी फसवी असते. घाम फुटतो, बोलणे असंबद्ध होते, आणि घरची माणसे म्हणतात, वय झाले. उपास सोडा, असा हुकूम डॉक्टर देतात. आजी मान डोलावतात आणि उपास करतातच. जाणती परिचारिका हुकूम देत नाही. उपासाच्या दिवशी कोणती गोळी किती घ्यावयाची हे ती डॉक्टरांकडून आधी ठरवून घेते, साबुदाण्याऐवजी मूठभर शेंगदाणे, दही, भगर थोडी, असा तोडगा काढते, आणि साखरेचा खडा कनवटीला बांधून ठेवावयास सांगते.

इन्सुलिन सुरू झाले असेल तर वडोदऱ्याचा मे महिना आडवा येतो. पारा चाळिसावर गेला आणि घरात शीतकपाट नसले, तर वापरातील बाटली कोठे ठेवायची? एका मातीच्या भांड्यात दुसरे ठेवून मधल्या जागेत ओली वाळू भरावी, बाटली आतल्या भांड्यात कोरडी राहील अशी ठेवावी. एरवी माठाजवळच्या गारव्याचा लाभ आपल्या आजीबाईंना कोणी शिकवावा लागत नाही. तो औषधालाही लागू आहे, एवढेच सांगावे लागते.

आता आपल्या देशाकडे वळावे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात नर्स प्रॅक्टिशनरांचा वर्ग निर्माण करण्याची भाषा आली. त्याच सुमारास भारतीय परिचर्या परिषदेने दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला, तो अतिदक्षता विभागासाठी. २०१८ मध्ये प्रसूतीच्या क्षेत्रासाठी मार्गदर्शक सूचना निघाल्या. दोन्ही योग्यच झाले. परंतु अनेक आजारांचा रोगी अतिदक्षता विभागात क्वचित असतो. तो वर्षाचे तीनशे साठ दिवस आपल्या घरी असतो. त्याचे काम २०१८ पासून गावोगावच्या आरोग्य केंद्रांवर नेमलेल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांकडे आले. यांतील पुष्कळजणी परिचारिकाच असून सहा महिन्यांचे जादा शिक्षण घेतलेल्या असतात. तिशीपुढील लोकांची रक्तदाब-मधुमेहाची तपासणी करणे आणि डॉक्टरांनी लिहिलेले औषध महिनोमहिने चालू ठेवणे, हे त्यांचे काम. उपचाराचा आरंभ वा बदल करावयाचा, तर डॉक्टर हवा.

येथेच खरी मेख आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यातील ३२ व्या कलमाने मर्यादित परवान्याची सोय केली: प्राथमिक व प्रतिबंधक उपचारांपुरती ठराविक औषधे अशा मधल्या फळीतील व्यक्तीने स्वतः लिहून द्यावीत. डॉक्टरांच्या संघटनांनी यावर संप पुकारले. अर्धवट शिकलेल्यांच्या हाती लेखणी जाईल, ही त्यांची भीती. या भीतीत तथ्य नाही असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. सहा महिन्यांच्या शिक्षणावर पाच औषधांची गुंतागुंत सोडवता येत नाही. परंतु त्यावर उतारा अधिक शिक्षणाचा आहे, मनाईचा नव्हे. चटईवर पाकिटे मांडून जी दुहेरी गोळी ओळखते, तिला ती बाजूला काढण्याचा अधिकार नसावा, हे तर्काला धरून नाही.

परिचारिका आली की सारे सुरळीत होईल, असाही भ्रम नको. हरियाणा व कर्नाटकातील ४० सामुदायिक आरोग्य केंद्रांवर परिचारिकांच्या हाती संगणकीय पाटी देऊन, सुमारे ३,७०० रुग्णांवर एक प्रयोग झाला. रक्तदाब, मधुमेह आणि त्यांच्या जोडीला नैराश्य व व्यसने यांचा एकत्रित विचार त्यात होता. २०१९ मध्ये निष्कर्ष आले. दोन्ही गटांतील रुग्ण सुधारले, पण पाटीच्या गटाने दुसऱ्यावर आघाडी घेतली नाही. यंत्र सल्ला सुचवी, सही डॉक्टरची लागे. याउलट २०१७ च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या रक्तदाब नियंत्रणाच्या राष्ट्रीय उपक्रमाचा भर साध्या गोष्टींवर होता. महाराष्ट्रातील सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे त्यात आरंभी होते. औषधांचा एकच साधा ठरलेला क्रम, त्यांचा अखंड पुरवठा, आणि न आलेल्या रोग्याचा माग काढणारी नोंदवही, ही त्याची मुख्य सामग्री.

नोंदवहीचे महत्त्व वडोदऱ्याला २०२४ च्या ऑगस्टअखेरीस वेगळ्याच रीतीने कळावयास हरकत नव्हती. विश्वामित्रीने पंचवीस फुटांची धोक्याची खूण कितीतरी मागे टाकली आणि शहराचे मोठे भाग दिवस दिवस पाण्यात राहिले. अशा वेळी दूध आणि अन्नाची पाकिटे होडीतून जातात. कोणत्या गल्लीत कोण इन्सुलिनवर आहे, कोणाची दाबाची गोळी उद्या संपते, कोणाला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावयाचे आहे, हे ज्या एका वहीत लिहिलेले असते, ती वही त्या मोहल्ल्याच्या परिचारिकेजवळच असू शकते. आणि ती वही लिहिणारे पद आधी मंजूर झालेले असावे लागते.

बडोद्यातील सयाजी रुग्णालयाचा आरंभ १८८६ चा, काउंटेस ऑफ डफरिन यांच्या नावाने झालेला. वैद्यकीय महाविद्यालय १९४९ चे. इतक्या वर्षांत या शहरात डॉक्टर घडले, परिचारिकाही घडल्या. १९४७ चा परिचर्या परिषदेचा कायदा बाजूला सारून नव्या आयोगाची तरतूद करणारा कायदा संसदेने २०२३ मध्ये केला आहे. आजींच्या चटईवर मात्र अजून तसेच चालते. परिचारिका दुहेरी गोळी ओळखते, डायक्लोफेनॅकचे पाकीट वेगळे ठेवते, कागदावर सारे नीट लिहून देते आणि म्हणते, ‘आजी, हा कागद डॉक्टरांना दाखवा, तोवर काही बंद करू नका.’ आजी तो कागद घडी करून पिशवीत, पाकिटांच्या तळाशी ठेवतात.