परतीची वेळ आधी ठरवा



आल्प्समधल्या राष्ट्रीय उद्यानात एका दिवसाची भटकंती कशी आखावी, असा आजचा विषय पत्रिकेवर छापला आहे. बूट कोणते, पाठपिशवीत काय, पावसाचे जाकीट कुठले, हे नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या श्रोत्यांना सांगायची गरज नाही. तो भाग मी सोडून देतो. मला एकच गोष्ट सांगायची आहे. डोंगरातला दिवस परतीच्या वेळेपासून मागे मागे मोजत आखला पाहिजे. कुठवर जायचे हे त्या हिशेबातून निघते, आधी ठरवायचे नसते. आपण मात्र नेमके उलटे करतो, आणि ही सवय आपल्याला याच देशाने लावली आहे.

या देशात चालणे किलोमीटरने मोजले जाते. पायवाटांच्या जाळ्यावर आकड्यांचे खांब असतात. नकाशात पाहून आकडे कागदावर उतरवायचे, मधली अंतरे मिळवायची, की झाली वाट तयार. ही पद्धत मूळची शेजारच्या बेल्जियममधली. लिम्बुर्ख प्रांतात ह्यूगो बोलेन या खाण-अभियंत्याने 1995 मध्ये सायकलवाटांसाठी ती बसवली आणि पुढे ती पायी चालणाऱ्यांनीही उचलली. ती उत्तम आहे यात शंका नाही, पण ती दोन गोष्टी गृहीत धरते. पहिली, जमीन सपाट आहे, म्हणून किलोमीटर सांगितला की वेळ आपोआप कळते. युरोपातल्या नेदरलँड्सचा सर्वोच्च माथा फाल्सरबर्ख, तोही अवघा 322 मीटर. दुसरी, कंटाळा आला तर पुढच्या खांबापाशी वाट बदलून लवकर बाहेर पडता येते. डोंगरात या दोन्ही गोष्टी नसतात. तिथे वाटेला दोनच टोके असतात, आणि मध्यावर दमलेल्या माणसाला कुठल्याही बाजूला तेवढेच चालावे लागते.

सपाट जमिनीवरही नुसते अंतर पुरत नाही, याचा दाखला इथेच आहे. नाइमेखनची चार दिवसांची पदयात्रा 1909 पासून चालत आली आहे. दिवसाला 30, 40 किंवा 50 किलोमीटर, सगळे आखीव. 2006 मध्ये पहिल्याच दिवशी उन्हाच्या तडाख्यात दोन माणसे दगावली आणि उरलेली यात्रा रद्द करावी लागली. अंतर ठरल्याप्रमाणेच होते. त्या दिवसाचे ऊन मात्र अंतराच्या हिशेबात बसत नव्हते.

याच देशात घड्याळावर चालण्याची एक अस्सल परंपराही आहे, आणि ती डोंगरात नसून समुद्रात आहे. उत्तरेला पीटरबुरेनसारख्या गावांच्या किनाऱ्यावरून ओहोटीच्या वेळी वाडन समुद्राच्या चिखलातून चालत जातात. काही वाटा थेट आमलांड किंवा स्खीरमोनिकोख बेटापर्यंत पोहोचतात. दोन ओहोट्यांमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटांचे अंतर असते, त्यामुळे तीच ओहोटी दुसऱ्या दिवशी जवळजवळ 50 मिनिटे उशिरा येते. म्हणजे कालची निघायची वेळ आज चालत नाही. वाटाडे आधी पाणी परत कधी चढणार ते पाहतात. त्यातून वाटेतला सर्वांत खोल ओघळ किती वाजेपर्यंत ओलांडला पाहिजे ते काढतात, आणि त्यावरून किनारा कधी सोडायचा ते ठरते. वाऱ्याने पाणी तुंबवले असेल तर मोहीमच रद्द होते, मग लोक कितीही लांबून आलेले असोत. कुणी हुज्जत घालत नाही, कारण भरती कुणासाठी थांबत नाही हे सगळ्यांना दिसत असते. या विषयावर मी ठरवल्यापेक्षा जास्त बोललो, पण माझे सगळे म्हणणे त्यातच आहे. डोंगरातही भरती असते. दुपारचे ढग, उतरता उजेड, दमलेले गुडघे, शेवटची बस ही तिची रूपे. ती डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तिच्याशी हुज्जत घालायचा मोह होतो.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युंडन प्रांतातले राष्ट्रीय उद्यान 1914 मध्ये स्थापन झाले. क्षेत्र सुमारे 170 चौरस किलोमीटर. त्झेरनेझ हे त्याचे प्रवेशद्वार 1474 मीटर उंचीवर आहे. तिथून पिवळ्या टपाल-बसने इल फुओर्नला उतरलात, की तुम्ही 1794 मीटरवर असता, म्हणजे बसथांब्यावरच कळसूबाईच्या 1646 मीटरपेक्षा उंच. तिथून मार्गुनेट या 2328 मीटरच्या खिंडीवर जाऊन दुसऱ्या दरीने परत येता येते. नकाशावर ही वाट अगदी लहान दिसते. पण डोंगरवाटांसाठी जर्मन भाषिक देशांत वापरतात तो हिशेब लावा: तासाला 4 किलोमीटर आडवे, 300 मीटर चढ, 500 मीटर उतार. आडव्या अंतराचा वेळ एकीकडे, चढउताराचा दुसरीकडे. यांतला मोठा आकडा पूर्ण धरायचा आणि लहान निम्मा मिळवायचा. इल फुओर्नपासूनचा 534 मीटरचा चढच पावणेदोन तास मागतो. 12 किलोमीटर अंतर, 900 मीटर चढ आणि तेवढाच उतार असलेली वाट या हिशेबाने सव्वासहा तासांची होते. इथल्या फेलुवेच्या माळावर हेच 12 किलोमीटर अडीच-तीन तासांत संपतात. स्कॉटलंडच्या नेस्मिथने 1892 मध्ये दिलेला नियम याच वाटेला चार तास सांगेल. दोन्हींतला कोणता धरावा? सोबत मुले असतील, उन्हाळ्यात पुण्याहून आलेले आईबाबा असतील, तर हळू चालणारा नियम धरावा. दोन्ही आकड्यांत विश्रांती धरलेली नाही, आणि स्विस पाट्यांवरच्या वेळेतही ती नसते.

समोर काही माना नकारार्थी हलताना दिसतात. राजगड, हरिश्चंद्रगड पालथे घातलेल्यांना हे ऐकवायचे का, असा तो प्रश्न आहे. तो रास्त आहे, आणि त्याचे उत्तर सह्याद्रीच्या बाजूनेच देता येते. तिथला जुना भटक्या पाणी कुठे, ऊन कधी चढते आणि शेवटची एसटी किती वाजता, हे पाहूनच निघतो. ही शिस्त आपलीच आहे, ती इथल्या सपाटीवर विसरू नये, इतकेच मी म्हणतो. पण एक फरक मोठा आहे. पूर्वी उशीर झाला तर राजगडावर पद्मावतीच्या देवळात पथारी टाकता येत असे, हरिश्चंद्रगडावर लेण्यांत रात्र काढता येत असे. त्या स्विस उद्यानात तंबू ठोकायला बंदी, आग पेटवायला बंदी, आखलेली वाट सोडायलाही बंदी. मुक्कामाची सोय फक्त क्लुओझाची झोपडी आणि इल फुओर्नचे हॉटेल इथे, तीही आधी नोंदवलेली असेल तर. म्हणून दिवस दिवसातच संपावा लागतो. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड पाहणाऱ्या आपल्याला हे पटकन पटत नाही. पण उन्हाळ्यातले आल्प्सचे वादळ उजेड संपायची वाट पाहत नाही. ते बहुधा दुपारनंतरच येते, आणि तेव्हा खिंडीवर असणे धोक्याचे असते.

दुसरा आक्षेप असा की मोबाईलमधले अ‍ॅप ही सगळी गणिते करते. करते, पण सरासरी माणसाची. गुडघेदुखीमुळे तुमच्या आईला उतारालाच जास्त वेळ लागेल, हे त्याला ठाऊक नसते. तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: इतके घड्याळ पाहिले तर आनंद काय उरला? या मार्गुनेटच्या वाटेवर स्टाबेलखोडची दरी लागते. आल्प्समधून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नामशेष झालेले दाढीवाले गिधाड इथे 1991 ते 2007 या काळात पुन्हा सोडण्यात आले. ते दिसावे म्हणून माणसाला आभाळाकडे पाहत तासभर बसता आले पाहिजे. जो आधी शिखर ठरवतो त्याच्याकडे तो तास नसतो, तो घाईघाईने चढतो आणि घाईघाईने उतरतो. ज्याने परतीची वेळ आधी बांधली त्याने तो तास हिशेबात धरलेला असतो. मार्गुनेट राहिले तरी त्याचे गिधाड राहत नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटे उरली आहेत. जूनमध्ये उत्तरेकडच्या उतारांवर उरलेला बर्फ, वाटांच्या रंगखुणा, हे सगळे राहिले. हिवाळ्यात हे उद्यान बंदच असते, तेव्हा तो प्रश्न नाही. बाकीचे प्रश्नोत्तरांत घेऊ.

शाळांना सुट्ट्या लागतील आणि आपल्यातली अनेक कुटुंबे तिकडे निघतील. निघण्याआधी एका कागदावर दोन वेळा लिहा: परतीची बस पकडायची वेळ, आणि जिथे असू तिथून मागे फिरायची वेळ. दुसरी वेळ घरातल्या सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाला विचारून ठरवा. कागदाची एक प्रत उतरलात त्या हॉटेलात ठेवा. आणि स्वित्झर्लंडमधल्या हवाई बचाव सेवेचा क्रमांक, 1414, मुलांच्याही फोनमध्ये घालून द्या.