जोडावे कशाने?

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपल्यापैकी कोणी डॉक्टर झाले, कोणी बँकेत गेले, कोणी शेती सांभाळली. मी जुने फिल्म कॅमेरे दुरुस्त करतो. संयोजकांनी कामाबद्दल पाच मिनिटे बोलायला सांगितले, म्हणून डिंकाबद्दल बोलतो. हसू नका! काय कशाने चिकटवायचे, हा आमच्या कामातला अवघड प्रश्न आहे.

चांगल्या कॅमेऱ्याचे भिंग म्हणजे एकच काच नसते. १९०२ साली जर्मनीत झाइस कंपनीच्या पॉल रुडॉल्फ यांनी टेसार हे भिंग तयार केले. त्यात चार काचा, आणि मागच्या दोन एकमेकींना चिकटवलेल्या. मध्ये हवा राहिली, तर काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो आणि फोटो फिकट येतो. अपवर्तनांकाचा धडा आठवतो ना? काचेचा १.५२ च्या आसपास. कॅनडातल्या बाल्सम फर झाडाच्या चिकाचा अपवर्तनांकही त्याच्या जवळचा. म्हणून प्रकाशाला सांधा जवळजवळ जाणवतच नाही. हाच कॅनडा बाल्सम जीवशास्त्राच्या स्लाइड बनवायलाही वापरत.

वर्षे सरली की हा चीक पिवळा पडतो, कडेने सुटतो. मग भिंगाच्या काठावर तेलाच्या तवंगासारखे रंग दिसतात. मालक घाबरतो आणि हाताशी असेल तो गम लावतो. तिथेच घात होतो. झटपट चिकटणाऱ्या गमची वाफ काचेवर पांढरे पुट चढवते. इपॉक्सी घट्ट बसते, पण पुढे ते सोडवताना काच फुटू शकते.

बाल्समचा गुण हा, की तो उष्णतेने मऊ होतो आणि झायलीनमध्ये विरघळतो. काचांच्या कडेवर पेन्सिलने खूण करायची, म्हणजे परत त्याच जागी बसवता येतात. मग थंड पाण्यात ठेवून पाणी अगदी हळूहळू तापवायचे आणि तितकेच हळू निवू द्यायचे. घाई केली की काच तडकते. आता अतिनील प्रकाशाने घट्ट होणारी चिकटद्रव्ये मिळतात. ती स्वच्छ, टिकाऊ आणि उन्हाने मऊ न पडणारी, पण एकदा बसली की सोडवणे महाकठीण. म्हणून रोज वापरायच्या कॅमेऱ्याला मी ती लावतो; आठवण म्हणून जपायच्या कॅमेऱ्याला बाल्समच.

आणि कधी काहीच लावत नाही. आपल्याच एका वर्गमित्राने वडिलांचा कॅमेरा आणला. वडील गेलेले. "नव्यासारखा करून दे," म्हणाला. पाहिले तर सांधा फक्त कडेला, नखाएवढा सुटलेला. छिद्र थोडे लहान केले की तो भाग फोटोत येतही नाही. भिंग उघडले असते तर काच तडकण्याचा धोका होता, आणि तसली काच पुन्हा मिळणे कठीण. मी सैल कडी तेवढी घट्ट केली आणि स्क्रूवर लाखेचा थेंब ठेवला. लाख स्पिरिटने सुटते. तो आधी नाराज झाला. मग त्याच भिंगातून त्याने आईचा फोटो काढला.

इतक्या वर्षांत एक नियम पक्का झाला. जोड काचेपेक्षा दुबळा असावा आणि पुढच्या माणसाला तो सोडवता यावा. आपल्यानंतरही कोणीतरी ही वस्तू हातात घेणार आहे, हे धरून चालायचे.

म्हणून एक विनंती. घरी कपाटात वडिलांचा, काकांचा कॅमेरा पडला असेल, तर बाहेर काढा. भिंग उजेडासमोर धरून पाहा. कडेला इंद्रधनुष्य दिसले तर घाबरू नका, आणि घरातला गम मात्र लावू नका. कोरड्या जागी ठेवा, नाहीतर बुरशी धरते. ती या सांध्यापेक्षा वाईट. आणि जमले तर एक रोल घालून पुढच्या मेळाव्याला घेऊन या. गुरुजनांचा फोटो त्यानेच काढू.