नगरपंचायत आली, ग्रामसभा गेली

मी निवृत्त फौजी, राहतो लखनौच्या जानकीपुरममध्ये. २०१९ साली लखनौ महानगरपालिकेची हद्द वाढली आणि भोवतालची ८८ गावं शहरात आली. त्यांच्या पंचायती गेल्या, प्रधान, म्हणजे आपले सरपंच, गेले. पण इथे निदान शहर वाढतंय.

आपल्या महाराष्ट्रात माणसं कमी होत चाललेल्या गावांनाही शहराची पाटी लागली. २०१४ नंतर तालुक्याच्या ठिकाणच्या अनेक ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती झाल्या. कोकणातलं मंडणगड घ्या, वैभववाडी घ्या. तरणी मुलं मुंबई-पुण्याला, घरात म्हातारी माणसं. मुख्याधिकारी आले, १७ प्रभाग आले.

गेलं काय? ग्रामसभा. ती वर्षातून किमान चार वेळा घ्यावीच लागते. तिथे साधी म्हातारीसुद्धा उभी राहून विचारू शकते, "आलेला पैसा कुठे गेला?" नगरपंचायतीच्या सभेत नगरसेवक बोलतो, मतदार नाही. शहरांसाठी राज्यघटनेने प्रभाग समिती सक्तीची केली, पण ती ३ लाख किंवा त्याहून जास्त वस्तीच्या ठिकाणी. लहान गावाची एक जागा गेली, दुसरी मिळाली नाही.

आणि नगरसेवकच नसेल तर? अनेक नगरपरिषदांवर वर्षानुवर्षं प्रशासक होता. निवडणुका झाल्या डिसेंबर २०२५ मध्ये.

कुणी म्हणेल, दाखले आता ऑनलाइन मिळतात की! मिळतात, आणि ते चांगलंच आहे. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवांना मुदत घातली. अर्जाची पोच घ्या. मुदत टळली तर अपील करा. कसूर ठरली तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. पण दाखला एकट्याचा असतो. गटार, नळ, स्मशानाची वाट सगळ्यांची असते. त्यासाठी सगळ्यांनी एकत्र बसावं लागतं.

फौजेत सैनिक संमेलन असतं. जवान सगळ्यांसमोर अडचण मांडतो, साहेबांना सगळ्यांसमोर उत्तर द्यावं लागतं. तसंच करा. तीन महिन्यांतून एकदा देवळात किंवा शाळेत प्रभागाची बैठक घ्या. नगरसेवकाला बोलवा, मुख्याधिकाऱ्यांना पत्र द्या. काय ठरलं ते वहीत लिहा आणि पुढच्या बैठकीत आधी तेच वाचा. यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

आपण बाहेर राहणारे गणपतीला गावी जातोच. एक संध्याकाळ या बैठकीसाठी ठेवा.