देवाचा नेम

पाच वर्षांच्या एका मुलाने विचारलेला प्रश्न आज मी आपल्यापुढे ठेवणार आहे. विचारणारा मुलगा माझा, आणि त्या प्रश्नास कारण झालेला मनुष्यही मीच. तेव्हा या भाषणात उपदेश कमी आणि कबुली अधिक निघाली, तर आपण क्षमा करावी.

आम्ही बेळगावजवळच्या एका खेड्यातील कॅथलिक कुटुंब. घरात कोकणी, शाळेत व शेजारी मराठी, बाजारात कानडी, असा तीन भाषांत आमचा दिवस जातो. रात्री जेवणापूर्वी सारे घर एकत्र बसून तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना म्हणते. माळेत मणी एकोणसाठ. त्यांतील दहा-दहांच्या पाच गटांवर मरियामातेचे तेच वंदन पन्नास वेळा म्हणावयाचे. आमच्या धाकट्या चिरंजिवांना ही पद्धत मुळीच मान्य नाही. "एकदा सांगितलेले देवाला ऐकू येत नाही का?" असे त्यांनी चौथ्या वर्षीच विचारले होते. गुडघे टेकून दोन मिनिटे झाली न झाली, तोच मेणबत्तीचे गरम मेण बोटाला लावून पाहावे, मांजराला प्रार्थनेस ओढून आणावे, असे उद्योग सुरू होतात. रविवारी मिस्सेच्या वेळी धर्मगुरूंचे प्रवचन रंगात आले असता "आता किती राहिले?" हा प्रश्न त्याने अशा स्वरात विचारला, की शेवटच्या बाकापर्यंत लोक हसले. माझ्या आईला या सर्वांचे मोठे कौतुक. "तुझा बाप याहून वांड होता," असे ती त्याला माझ्या समक्ष सांगते.

मी व्यवसायाने प्राथमिक शिक्षक. चाळीस मुलांचा वर्ग मी नुसत्या नजरेने गप्प करतो, अशी माझी ख्याती आहे. आणि घरात एक मूल आवरत नाही, हे शल्य मनात होतेच. आमच्या शाळांतून छडी गेली. शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला, त्याच्या सतराव्या कलमाने मुलाला शारीरिक शिक्षा देण्यास आणि त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई केली. मी तो कायदा मनापासून पाळतो. परंतु शाळेत खाली ठेवलेली छडी घरी आल्यावर मी कोणाच्या हाती देत होतो, ते मला गेल्या पावसाळ्यापर्यंत उमगले नव्हते.

गेल्या वर्षी बेंदराच्या सणाला शेजाऱ्यांनी आपले बैल रंगविले, सजविले, आणि लहानग्या वासराच्या गळ्यात निळ्या मण्यांची माळ घातली. ती पाहून आमच्या चिरंजिवांच्या मनात आले, की वासराला एक माळ अगदीच अपुरी आहे. त्याने कात्री घेतली, आजीच्या जपमाळेचा रेशमी दोरा कापला आणि लाकडी मणी मुठीत घेऊन तो गोठ्याकडे निघाला. निम्मे मणी वाटेतच सांडले. ती माळ माझ्या आईला तिच्या आईने लग्नात दिलेली. मी संतापलो, पण हात उगारला नाही. मी त्याला समोर उभे केले आणि वर्गात वापरतो त्या शांत, थंड आवाजात म्हणालो, "ही देवाची वस्तू आहे. देव सगळे पाहतो. याची शिक्षा तो दिल्यावाचून राहणार नाही."

असे बोलणारा मी एकटाच नाही. शेजारच्या हिंदू घरांतून "देव डोळे फोडील" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. आपणा सर्वांच्या घरी पूर्वी मुलांना भिवविण्यासाठी बागुलबुवा असे. हल्लीची मुले त्याला भीत नाहीत, म्हणून की काय, त्याची रिकामी जागा आम्ही देवाला देऊन टाकली.

त्यानंतर आठवड्याभरात पावसाची झड लागली, परसातील फरशी निसरडी झाली, आणि मोगऱ्याची फुले काढायला गेलेली माझी आई घसरून पडली. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, दवाखान्यातील मुक्काम लांबला, आणि त्या धावपळीत मुलाकडे कोणाचे लक्ष राहिले नाही. लक्ष जावे असे तो काही करतही नव्हता. तो तेर्सच्या वेळी हात जोडून शेवटपर्यंत बसे, मांजराला हात लावीत नसे, चर्चमध्ये चकार शब्द काढीत नसे. मला धन्यता वाटली. संकटाने मुलाला समज आली, असे मी शिक्षकांच्या खोलीत सहकाऱ्यांना सांगितलेदेखील.

तीन आठवडे असे गेले. एका रात्री मी त्याच्या अंगावर पांघरूण घालीत असता त्याने डोळे उघडले आणि विचारले, "पप्पा, देवाचा नेम चुकला का?"

तो दिवसभर अंगणात गोट्या खेळणारा मुलगा. मला वाटले, खेळातले काही असेल. म्हणून विचारले, "कसला नेम?"

"शिक्षा मला मारायची होती ना? ती आजीला लागली."

श्रोतेहो, या क्षणी मी काही शहाणपणाचे उत्तर दिले, असे सांगता आले असते तर बरे झाले असते. मी "झोप आता" एवढेच म्हणालो आणि बाहेर येऊन बसलो. सर्व ऐकून माझी पत्नी म्हणाली, "तो शहाणा झाला म्हणत होता ना तुम्ही? तो भ्यालेला होता."

पुढे मी मास्तराच्या सवयीने पुस्तके उघडली. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी १९३२ साली मुलांच्या नैतिक विचारांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात ते मुलांना एक गोष्ट सांगत: सफरचंदे चोरून पळणारा मुलगा ओढ्यावरच्या कुजक्या फळीवरून जातो, फळी मोडते, तो पाण्यात पडतो. चोरी केली नसती तर पडला असता का? लहान मुले बहुधा सांगत, की पडला नसता. चोरी केली म्हणूनच फळी मोडली. या वयात संकट आणि शिक्षा ही मुलाला एकच वाटतात. म्हणजे माझ्या मुलाच्या मनात ती वाट आधीपासून होतीच. मी तिच्यावर देवाच्या नावाची पाटी लावली.

आणि याकरिता पियाजेपर्यंत जाण्याची तरी काय गरज होती? योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय मी रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात कितीदा शिकविला असेल! जन्मांध माणसाला पाहून शिष्य येशूला विचारतात, की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही नाकारतो. लूकच्या शुभवर्तमानात शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेल्याचा उल्लेख आहे; ती इतरांहून अधिक पापी होती, ही समजूतही तो तेथे खोडून काढतो. दाढीमिशा आलेल्या शिष्यांची जी चूक त्याने दुरुस्त केली, तीच मी पाच वर्षांच्या मुलाला शिकवून बसलो. आमच्या चर्चचा कायदासुद्धा सात वर्षे पुरी होईपर्यंत मुलाला स्वतःच्या कृत्याबद्दल जबाबदार धरीत नाही. मी मात्र त्याच्यावर निकाल देऊन मोकळा झालो होतो, आणि तोही न्यायाधीशाला न विचारता.

दुसऱ्या दिवशी मी त्याला घेऊन पायरीवर बसलो. म्हटले, "शिक्षा देईन असे देव बोललाच नव्हता. ते मी बोललो."

"म्हणजे तू खोटे बोललास?"

"होय."

"देवाच्या नावाने?"

"होय."

त्याने इकडेतिकडे पाहिले, माझ्या तोंडावर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "मोठ्याने बोलू नकोस. तो ऐकेल."

माझ्या कबुलीने काम भागले नाही, ते असे. मी कुमसाराला गेलो, धर्मगुरूंपुढे हे पाप सांगितले. मन हलके झाले, पण मुलाच्या मनातील भय तेथे होते तेथेच राहिले. ते काढण्यास हात लावला तो माझ्या आईने. ती घरी आल्यावर तो तिच्या खाटेपासून दूर उभा राहू लागला, तेव्हा तिने त्याला जवळ ओढून सांगितले, "तुझी आई नको नको म्हणत होती, तरी मी हट्टाने फुलांना गेले. शेवाळावर पाय पडला की तुझा पोपसुद्धा घसरेल. आणि मी पडले तेव्हा देवाने डोके धरले, म्हणून ते फुटले नाही." या विधानात धर्मशास्त्राच्या दृष्टीने थोडे उणे काढता येईल. मी तोंड उघडले नाही.

मग दोघांनी मणी ओवायला घेतले. अंगणातून, गोठ्यातून, पायपुसण्याखालून गोळा करून सत्तावन्न भरले. माळ तोडली हे वाईट झाले, हे त्याला कोणी निराळे सांगावे लागले नाही. चिखलात बसून मणी शोधताना ते त्याला पुरेसे कळले असावे. उरलेल्या दोन मण्यांऐवजी शेजारच्या काकूंनी वासराच्या माळेतील दोन निळे मणी काढून दिले.

तो अजून व्रात्यच आहे. परवाच मेणबत्तीशी त्याचा खेळ चाललेला पाहून "देव बघतोय हं" हे माझ्या ओठांपर्यंत आले होते. ते गिळून मी "बोट भाजेल" एवढेच म्हणालो. त्याने बोट लावलेच, आणि ते थोडे भाजलेही. तेर्स रात्री पूर्वीसारखी चालते. आजी खाटेवर बसून माळ ओढते, आणि निळा मणी बोटांत आला की तो गुडघ्यांवरून उठून ओरडतो, "हा वासराचा!" मग आजी हसते, मोजणी चुकते, आणि तो दशक आम्ही पुन्हा पहिल्यापासून म्हणतो.